ओल राखणं

म्हैसूरला पाऊस वर्षातून दोनदा भरात येतो. एकदा मेमध्ये, वळवाच्या सरींतून, आणि पुन्हा ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आगेमागे. त्यामुळे इथला बेडूक कोकणातल्यासारखा मृगाची वाट बघत बसत नाही. पहिली दमदार सर पडून गेली की रस्त्यावरच्या दिव्यांखाली खरबरीत पाठीचे भेक येऊन बसतात, कारण दिव्यावर झेपावलेले किडे तिथेच खाली पडतात. न्हाणीघरात बादलीमागे तपकिरी झाडबेडूक भिंतीला चिकटून बसलेला सापडतो. तळ्याकाठच्या खाचरांत बुलफ्रॉगचे नर पिवळेधमक होतात आणि गळ्याजवळचे निळे फुगे फुगवून रात्र डोक्यावर घेतात. अशाच दिवसांत घरातलं एखादं मूल म्हणतं, आपण एक पाळू या. ही इच्छा चांगली आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. पण तिचं खरं उत्तर पेटीतला बेडूक नव्हे. पहिला बेडूक पाळायचा तर आधी जागा निवडावी लागते. बेडूक आपला आपण येतो.

याचं कारण बेडकाच्या कातडीत आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या पातळ त्वचेतून ते आत शोषून घेतो. फुप्फुसं असूनही त्याच्या श्वासाचा मोठा वाटा याच ओल्या त्वचेतून चालतो. म्हणजे भोवतालचं पाणी आणि हवा जशी असेल, तसाच तो आतून होतो. हाताला लागलेला साबण, डास पळवण्याचं मलम, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, झुरळांवर मारलेला फवारा, हे सगळं आपल्याला क्षुल्लक वाटतं आणि त्याच्या अंगात थेट उतरतं. त्याला भूक लागली तरी समोर ठेवलेलं मेलेलं खाद्य बहुधा त्याच्या लेखी नसतंच, कारण हललं तेच भक्ष्य, अशी त्याच्या डोळ्याची घडण आहे. पेटीत ठेवायचा तर रोज जिवंत रातकिडे हवेत, त्यांच्यावर कॅल्शियमची पूड हवी, मुरवलेलं पाणी हवं आणि एप्रिलात पारा पस्तिशीकडे सरकला, वीज गेली, तरी गारवा हवा. हेही दोनचार महिन्यांपुरतं नाही. बंदिवासात काही बेडूक पंधरा वर्षांहून जास्त जगतात. दहा वर्षांच्या मुलाने हट्टाने आणलेला बेडूक ते मूल शिकायला परगावी गेल्यावरही घरात असतो.

मग निदान इथलाच, तळ्यावरचा बेडूक आणावा का? कायदा आड येतो, आणि तो उगाच आड येत नाही. बुलफ्रॉगला वन्यजीव संरक्षण कायद्याचं छत्र आहे. एके काळी आपल्या देशातून हजारो टन बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. १९८७ साली ही निर्यात बंद झाली. बेडूक संपले की शेतातले किडे माजतात, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. शिवाय बेडकाला आपली जागा ठाऊक असते. उचलून दुसरीकडे सोडलेले कितीतरी बेडूक आणि भेक आपल्या जुन्या पाणवठ्याकडे परत निघतात आणि वाटेत चाकांखाली येतात. चुकीच्या जागी पोहोचलेला बेडूक स्वतः तगला तरी दुसऱ्यांना तगू देईल असं नाही. आपल्याकडे शेताचा राखणदार असलेला हाच बुलफ्रॉग अंदमानात माणसांबरोबर पोहोचला आणि त्याचे खादाड बेडूकमासे तिथल्या मूळ बेडकांच्या पिल्लांचा फडशा पाडू लागले. प्राणी तोच, जागा बदलली, आणि राखणदाराचं संकट झालं.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. परदेशी, पैदास केंद्रात वाढलेला बेडूक विकत घेतला तर इथल्या तळ्याचं काहीच बिघडत नाही, आणि मुलाचीही हौस भागते. रानातून पकडण्यापेक्षा हे बरं, यात शंका नाही. पण व्यापाराबरोबर फक्त बेडूक प्रवास करत नाहीत. कायट्रिड नावाची बुरशी बेडकाच्या त्वचेवर वाढते आणि क्षारांचा तोल बिघडवून त्याचं हृदय बंद पाडते. २०१९ साली शास्त्रज्ञांनी मांडलेल्या हिशोबानुसार तिच्यामुळे उभयचरांच्या किमान ५०१ जाती घटल्या आणि त्यांतल्या ९० बहुधा कायमच्या गेल्या. तिचा उगम पूर्व आशियात असावा आणि जिवंत उभयचरांच्या व्यापाराने ती जगभर पसरली, असं आदल्याच वर्षीच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. ती पश्चिम घाटातही सापडली आहे. पेटीतलं पाणी मोरीत ओतलं जातं, मोरीचं नाल्यात आणि नाल्याचं तळ्यात. एखाद्या घराने कितीही काळजी घेतली, तरी अशा शंभर घरांतल्या एका चुकीची किंमत त्या तळ्याला मोजावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक आतला आहे. जवळून पाहिल्याशिवाय माया कशी जडेल? हा प्रश्न मला खरा वाटतो. मात्र पेटीत जवळून दिसतो तो बेडकाचा आकार. त्याचं वागणं पाऊस, चिखल, पान आणि जोडीदार यांच्याशी बांधलेलं असतं. शिवमोग्गा आणि उत्तर कन्नडच्या जंगलातल्या ओढ्यांवर राहणाऱ्या एका बेडकाला शास्त्रज्ञांनी २०१४ साली ‘कुंभार’ हे नाव दिलं. मादीने अंडी घातली की नर ओढ्यातला चिखल हातांनी आणून त्या अंड्यांवर लिंपतो. ओढा काढून घेतला तर हा कुंभार कुठला? म्हैसूरच्या घराशी येणारा झाडबेडूकही कमी नाही. पाण्यावर ओणवलेल्या फांदीला किंवा हौदाच्या काठाला तो फेसाचं घरटं करतो, आतली अंडी त्या ओलाव्यात वाढतात आणि बेडूकमासे टपटप खाली पाण्यात पडतात. हे ज्या मुलाने अंगणात पाहिलं, त्याला बेडूक हातात धरायची गरज उरत नाही.

ही सोय करायला फार काही लागत नाही. अंगणाच्या सावलीच्या कोपऱ्यात मातीचं मडकं आडवं, अर्धं पुरून ठेवावं. भोवती पालापाचोळा राहू द्यावा, दुपारी दोन तांबे पाणी शिंपडावं. शेजारी उथळ मातीची थाळी रात्रभर उघड्यावर मुरलेल्या पाण्याने भरावी, कडेला चढउतारासाठी एक दगड ठेवावा. कीटकनाशक आणि मीठ तिथे पोहोचू देऊ नये, रात्रीचा दिवा शक्य तेव्हा मालवावा. डास होतील, डेंग्यू येईल, ही भीती रास्त आहे. पण डासाच्या अळीला डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. थाळीचं पाणी रोज पालटलं की तिला तो वेळ मिळत नाही. भेकाला आणि झाडबेडकाला अंगणात हवा असतो तो आडोसा आणि ओल. अंडी घालायला ते मोठं पाणी शोधतात. साप येतील, हेही खरं. म्हणून मडकं दारापासून लांब असावं, विटांचे ढीग नसावेत, रात्री हातात बॅटरी असावी. भेकाच्या कानामागच्या ग्रंथींत विष असतं, तेव्हा कुत्र्याला त्याच्यापासून लांब ठेवावं, आणि हात लागलाच तर धुवावेत. ज्यांना अंगण नाही त्यांना कुक्करहळ्ळीचं तळं आहे. १८६४ साली मुम्मडी कृष्णराज वडियारांच्या काळात झालेलं ते पाणी आज सगळ्या गावाचं आहे. त्यात निर्माल्य न टाकणं, हौसेने आणलेले मासे न सोडणं, हाही बेडूक पाळण्याचाच भाग.

याच राज्यात शृंगेरीला तुंगेच्या काठी ‘कप्पे शंकर’ नावाचं छोटं स्थान आहे. उन्हात प्रसूतीच्या कळा सोसणाऱ्या बेडकीवर नागाने फणा धरून सावली केली, आणि ते पाहून आद्य शंकराचार्यांनी मठासाठी ही जागा निवडली, अशी तिथली कथा. कथेतल्या नागाने बेडकीला उचलून कुठे नेलं नाही. ती जिथे होती तिथेच तिला हवं ते, म्हणजे सावली, दिली. शेकडो वर्षं लोकांनी ही गोष्ट सांभाळली, कारण तिच्यात करुणेची अचूक व्याख्या आहे. जगातल्या उभयचरांच्या पाचांपैकी दोन जाती आज धोक्यात आहेत. त्यांना आपल्या घरात जागा करून देण्यापेक्षा त्यांच्या घरात आपण कमी ढवळाढवळ करणं अधिक निकडीचं आहे. मुलाला पहिला बेडूक द्यायचा असेल तर त्याच्या हाती मडकं, थाळी आणि पाण्याचा तांब्या द्यावा. रोज पाणी पालटायची शिस्त, कुणी येईल न येईल ही अनिश्चितता सोसण्याची ताकद, आणि आलेल्याला जाऊ देण्याचं मोठेपण, एवढं जर ते शिकलं, तर पाळणं म्हणजे काय ते त्याला कळलं.