खेळण्याची निगा

बालमित्रांनो, एकादें यंत्र अडलें म्हणजे माणसांचे दोन स्वभाव तेव्हांच ओळखूं येतात. एक म्हणतो, "सगळें पुसून टाका, पहिल्यापासून सुरुवात करूं." दुसरा तें यंत्र हातांत घेऊन न्याहाळतो व आधीं विचारतो, "याला झालें तरी काय?" पहिला मार्ग सोपा आहे आणि कित्येकदां तो लागूही पडतो. परंतु तो कोठें उपयोगी आणि कोठें घातक, हें कळण्यास थोडी माहिती लागते. ती माहिती आज आम्ही तुमच्या आवडीच्या वस्तूवरून, म्हणजे हातांत धरून खेळावयाच्या यंत्रावरून, सांगणार आहोंत. पालकांनींही हा लेख वाचावा. कारण बिघडलेलें खेळणें शेवटीं त्यांच्याच हातांत येऊन पडतें.

या यंत्राचा इतिहास फार जुना नाहीं. जपानांतील निन्टेन्डो कंपनींत गुनपेई योकोई नांवाचे एक कल्पक गृहस्थ होते. त्यांच्या कल्पनेंतून १९८० सालीं ‘गेम अँड वॉच’ हें घड्याळाचें घड्याळ आणि खेळाचा खेळ असें खिशांत मावणारें यंत्र निघालें. पुढें १९८९ सालीं चार पेन्सिल सेलांवर चालणारा ‘गेम बॉय’ आला. आमच्या लहानपणीं आम्हां नाशिकच्या मुलांच्या हातांत मात्र आला तो साधा, स्वस्त ‘ब्रिक गेम’. त्याच्या पडद्यावर आडवीं १० व उभीं २० घरें, म्हणजे एकूण २०० चौकोन. आणि वरून पडणाऱ्या विटा फट न ठेवतां रचीत जावयाच्या. या खेळाचें मूळ म्हणजे मॉस्को येथील अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनीं १९८४ सालीं रचलेला ‘टेट्रिस’. यंत्रावर ९९९९ खेळ असल्याचें मोठ्या अक्षरांत छापलेलें असे. प्रत्यक्षांत खेळ मोजकेच. वेग व पायरी बदलून तेच पुन्हां पुन्हां मोजलेले!

आमच्या घरीं या खेळांत सर्वांत तरबेज होती आमची आई. आम्ही मोठे झालों, खेळ विसरलों. पण तिनें तो सोडला नाहीं. रात्रीं ओटा आवरला कीं चष्मा लावून ती अर्धा तास विटा रचीत बसे. तिनें मिळविलेले सर्वांत अधिक गुण यंत्राच्या स्मरणांत राहत, आणि तो आकडा ती मोठ्या अभिमानानें सर्वांस दाखवी. दोन वर्षांपूर्वीं ती देवाघरीं गेली. गेल्या पावसाळ्यांत तिचें कपाट आवरतांना तें यंत्र आमच्या भाच्याच्या हातीं लागलें. बटण दाबतांच पुसट पडद्यावर तिचा तो आकडा उमटला. दुसरीं बटणें मात्र दाबलीं तरी विटा हालेनात. भाचा म्हणाला, "मामा, रीसेट करूं का? म्हणजे चालेल."

आम्हीं त्यास थांबविलें व मागचें झांकण उघडून दाखविलें. सेलांच्या टोकाशीं, स्प्रिंगेवर, पांढरा क्षार जमूं लागला होता. आम्हीं त्यास समजावून सांगितलें कीं, या यंत्राचें स्मरण सेलांच्या विजेवर जगतें. रीसेट केलें तरी आजीचा आकडा जाईल आणि सेल काढले तरी जाईल. पण सेल तसेच ठेवले तर क्षार आंत पसरून यंत्रच नाहींसें होईल. मुलगा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें आपल्या वहींत तो आकडा लिहिला, त्यापुढें ‘आजी’ असें लिहिलें, आणि स्वतःच म्हणाला, "आतां काढा, मामा." आम्हीं सेल काढले, पडदा कोरा झाला.

आतां निगेकडे वळूं. त्या सेलांवर ‘अल्कलाइन’ असें छापलेलें होतें. अशा सेलांतून पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा दाहक पदार्थ झिरपतो व हवेंतील कार्बन डायऑक्साइडशीं संयोग पावून त्याचा पांढरा थर बनतो. कापसाच्या बोळ्यास लिंबाचा रस किंवा व्हिनेगर किंचित् लावून तो पुसतां येतो. साध्या झिंक-कार्बन सेलांतील स्राव याच्या उलट आम्लधर्मी असतो. तेथें पाण्यांत कालविलेला खाण्याचा सोडा लागतो. काम वडील माणसासमक्ष, हातमोजे घालून करावें व नंतर सर्व भाग कोरडा करावा. यंत्र कांहीं दिवस वापरावयाचें नसेल तर सेल आधींच काढून ठेवणें, हा सर्वांत स्वस्त उपाय होय. वापरलेले सेल ओल्या कचऱ्यांत किंवा गोदावरींत न टाकतां वेगळे बांधून घंटागाडीवाल्यास तसें सांगून द्यावे.

मग बटणें पाहिलीं. बटणाखालीं रबराची चकती असते व तिला कार्बनचा काळा ठिपका असतो. तो खालच्या पट्टींस टेकला कीं वीज वाहते. घाम, धूळ आणि चिवडा खाल्लेल्या हातांचें तेल मधें सांचलें कीं बटण बहिरें होतें. आयसोप्रोपिल अल्कोहोलानें ती जागा हलक्या हातानें पुसली, नवे सेल घातले, आणि विटा पूर्ववत् हालूं लागल्या. म्हणजे रीसेटनें कांहींच साधलें नसतें! रीसेट हा यंत्राच्या बुद्धीवरचा उपाय आहे, शरीरावरचा नव्हे.

तुमच्या आजच्या यंत्रांसही हाच नियम लागू आहे. २०१७ सालीं आलेला ‘निन्टेन्डो स्विच’ घ्या. तो चालतां चालतां थिजला, तर चालू-बंदचें बटण सुमारें १२ सेकंद दाबून धरावें. यंत्र बंद पडतें, पुन्हां सुरू करतां येतें. त्यांत शेवटच्या नोंदीनंतरचा खेळ तेवढा जातो. पण यंत्र मूळ स्थितींत नेणारी जी आज्ञा आहे, ती सर्व पुसून टाकते. कित्येक मुलें समजतात कीं, मेमरी कार्ड काढून ठेवलें म्हणजे आपला खेळ सुरक्षित राहिला. तसें नाहीं, या यंत्रांत खेळाची प्रगति कार्डावर नव्हे, यंत्राच्या पोटांत राहते. त्यांतील लिथियमची बॅटरीही निगा मागते: ती उन्हांत तापूं देऊं नये, आणि यंत्र पडून असलें तरी सहा महिन्यांतून एकदां तरी भारावी. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोचूं अगर दाबूं नये. यंत्र बंद करून जाणत्या कारागिराकडे न्यावें.

तेव्हां, मुलांनो, सर्व पुसून टाकण्याचें बटण दाबण्यापूर्वीं स्वतःस तीन प्रश्न विचारीत जा. बिघाड बुद्धींत आहे कीं शरीरांत? यानें काय काय पुसलें जाईल? आणि जें पुसलें जाईल तें माझ्या एकट्याचें आहे काय? तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. कारण घरांत यंत्र एक आणि खेळणारे चार असतात. धाकट्या बहिणीनें सबंध मे महिन्याच्या सुटींत मिळविलेल्या पायऱ्या दादाच्या घाईनें एका क्षणांत नाहींशा होतात, आणि त्या कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहींत. तिला आधीं हाक मारा, तिला विचारा, आणि मगच बटणास हात लावा.