किकवीच्या पश्चिमेला: भोर आणि एका शपथेची गोष्ट

१/ पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की कात्रजचा घाट मागे पडतो, कापूरहोळ येते आणि मग किकवी. पुढे सारोळ्यापाशी नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपतो. बहुतेकांच्या लेखी किकवी म्हणजे गाडीच्या खिडकीतून दिसलेली एक पाटी. पण इथून पश्चिमेकडे पाहिले तर डोंगरांच्या आड एका संस्थानाची राजधानी दडलेली आहे.

२/ ती राजधानी म्हणजे भोर. नीरेच्या काठचे हे गाव मोठ्या रस्त्यापासून बाजूला आहे. पुढे वरंधा घाट उतरला की महाड. भोवती मावळातली खोरी: रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर. दक्षिणेला रोहिडा, उत्तरेला राजगड आणि तोरणा. असा मुलूख जिंकणे कठीण, राखणे त्याहून कठीण.

३/ १७०४ मध्ये औरंगजेबाने राजगड आणि तोरणा घेतले. हे किल्ले परत मिळवण्यासाठी झुंजणाऱ्यांत शंकराजी नारायण गांडेकर अग्रभागी होते. राजाराम महाराजांनी त्यांना सचिवपद दिले होते. शत्रू समोर असेतो त्यांच्यापुढे पेच नव्हता.

४/ पेच आला १७०७ मध्ये. औरंगजेब मरण पावला, मोगलांच्या कैदेतून सुटून शाहू महाराज दक्षिणेत आले. इकडे ताराबाईंनी आपल्या पुत्रासाठी सरदारांकडून दूधभाताची शपथ घेतली होती, शंकराजींकडूनही. शाहू हे संभाजी महाराजांचे पुत्र, म्हणजे त्यांचा हक्क नाकारणेही अवघड.

५/ ऑक्टोबरमध्ये खेडची लढाई झाली. धनाजी जाधव आणि खंडो बल्लाळ शाहूंकडे गेले. परशुरामपंत प्रतिनिधी ताराबाईंच्या बाजूनेच राहिले. दोन्ही वाटा समजण्याजोग्या आहेत. आजच्या चर्चांत एकाला निष्ठावंत आणि दुसऱ्याला फितूर ठरवण्याची घाई होते, ती त्या काळाला न्याय देत नाही.

६/ शंकराजींनी तिसरी वाट धरली. शपथ मोडवेना, शाहूंवर शस्त्र उचलवेना. भोरजवळच्या आंबवडे येथे त्यांनी आपले जीवन संपवले. कोणी जलसमाधी म्हणते, कोणी हिरकणी खाल्ली असे सांगते. या वाटेचे कौतुक करताना एक गोष्ट विसरली जाते: मागे तान्हा मुलगा होता.

७/ शाहूंनी त्या मुलाला, नारो शंकर यांना, सचिवपद दिले. ज्याने आपल्या बाजूस येणे नाकारले त्याच्याच घरात पद ठेवणे यात माया होती, तशी मुत्सद्देगिरीही. या मावळातले किल्ले दुखावलेल्या घराण्याच्या हाती सोडणे शाहूंना परवडणारे नव्हते. पुढे पंतसचिवांचे भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन होईपर्यंत टिकले.

८/ दरम्यान खोऱ्याचे रूप बदलले. वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण उभे राहिले, १९२८ च्या सुमारास पुरे झाले. आज त्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. इथे अडवलेले पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, फलटणकडच्या उसाला जाते. डोंगराळ मावळाच्या वाट्याला भाताची खाचरे राहिली.

९/ भोरचा राजवाडा चित्रपटांमुळे पुष्कळांनी पाहिलेला असतो. शंकराजींची समाधी मात्र आंबवड्याला, नागेश्वराच्या देवळाच्या परिसरात आहे. तिथे जायचे तर कापूरहोळलाच महामार्ग सोडावा लागतो.