मार्करचं देणं

फ्रँक मार्कर हे नाव आज बर्मिंगहॅममध्येसुद्धा फारसं कुणाला आठवत नाही. ‘पब्लिक आय’ या ब्रिटिश गुप्तहेर मालिकेचा तो नायक. 1965 ते 1975 या काळात ती आयटीव्हीवर अधूनमधून चालली आणि तिचे एकूण 87 भाग झाले. त्याच सुमाराच्या ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ आणि ‘द सेंट’ यांची नावं अजून निघतात. मार्कर मात्र मागे पडला. मला वळण लावणाऱ्या माणसांत आईवडील आणि शाळेतले गुरुजी यांच्या पाठोपाठ मी त्याला धरतो. तो कल्पित आहे हे ठाऊक असूनही माझ्या हिशेबात त्याचं देणं बाकी आहे. ते निदान कागदावर मांडावं म्हणून हे लिहितोय.

मी 1966 साली एम्प्लॉयमेंट व्हाउचरवर इंग्लंडला आलो. गाठीशी सांगलीचा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा होता आणि डोक्यात बाबूराव अर्नाळकर. झुंजार आणि काळापहाड यांची पुस्तकं भाड्याच्या वाचनालयातून आणून रात्रीत संपवायची, परत करायची, दुसरी आणायची, असं माझं शालेय आयुष्य गेलं होतं. डिटेक्टिव्ह म्हटला की वेषांतर, पाठलाग आणि शेवटच्या पानावर बेड्या. गुन्हेगार म्हणजे एक निराळीच जमात, आपल्यासारख्या पापभीरू माणसांचा तिच्याशी संबंध यायचं कारण नाही. ही समजूत मी सामानासोबत बोटीवर चढवली होती.

बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात नोकरी लागली. खोली मात्र मिळेना. दुकानांच्या काचांवर ‘खोली देणे आहे’ अशा चिठ्ठ्या असत. पत्ता लिहून घ्यायचा, दार वाजवायचं, दार उघडणाऱ्याने आपल्याकडे एकदा पाहायचं आणि खोली आत्ताच गेली म्हणून सांगायचं. 1965 चा वंशभेदविरोधी कायदा घरांना लागूच नव्हता, ती सोय 1968 च्या कायद्याने झाली. शेजारच्या स्मेदिकमध्ये तर 1964 ची निवडणूक आमच्यासारख्यांचा बाऊ करून लढवली आणि जिंकली गेली होती. अखेर बालसल हीथमध्ये एका वयस्क विधवा बाईंनी मला आत बोलावलं, जिना दाखवला, गॅसच्या मीटरमध्ये शिलिंग कसं टाकायचं ते सांगितलं आणि किल्ली दिली. मला हायसं वाटलं, पण त्यात विशेष काही घडलंय असं वाटलं नाही. मी वेळेवर भाडं देणारा सभ्य माणूस होतो. खोली मिळायलाच हवी होती, ती मिळाली.

बाईंच्या बैठकीत भाड्याने घेतलेला टीव्ही होता आणि सुटीच्या रात्री भाडेकरूंना तिथे येऊन बसायची मुभा होती. मिडलंड्समधलं शनिवार-रविवारचं प्रक्षेपण तेव्हा एबीसी या कंपनीकडे होतं. ‘पब्लिक आय’ तिचीच निर्मिती. पहिल्या पर्वानंतर त्यांनी मार्करचं बिऱ्हाड लंडनहून बर्मिंगहॅमला हलवलं होतं, त्यामुळे बाई ती आवर्जून लावायच्या. आपलं शहर टीव्हीवर आलंय, याचं त्यांना कौतुक होतं.

मला तो माणूस मुळीच आवडला नाही. मोटार नाही, पिस्तूल नाही, सेक्रेटरी नाही. हाडकुळा चेहरा, जुनाट रेनकोट, बसने जायचं, कळकट ऑफिसात बसून गिऱ्हाइकाची वाट पाहायची. कामं तरी कसली? कुणाचा नवरा घर सोडून गेलाय, कुणाचे पैसे बुडालेत, कुणाला घटस्फोटासाठी पुरावा हवाय. रोजाचा दर आणि वर झालेला खर्च, एवढीच त्याची कमाई, आणि तीही लोक घासाघीस करून द्यायचे. रॉजर मार्शल आणि अँथनी मॅरियट या दोघांनी हे पात्र मुद्दाम असं घडवलं होतं. मार्शल ‘द अ‍ॅव्हेंजर्स’साठीही लिहायचा, त्यामुळे झगमगाट कसा करतात हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं. त्याने तो इथे जाणूनबुजून टाळला होता. यातलं मला तेव्हा काहीही कळत नव्हतं. मला वाटे, हा हिशेबात चुकलेला, धंद्यात अपयशी झालेला इसम आहे, याची गोष्ट कशाला सांगायची?

तरी मी बसत राहिलो, ते इंग्रजीसाठी. कारखान्यातली बोली मला झेपत नव्हती. मार्करची भूमिका करणारा अल्फ्रेड बर्क हळू आणि मोजकं बोलायचा. प्रश्न विचारून झाला की तो थांबायचा. समोरचा गडबडायचा, मग उगाच दुसरंच काही सांगायचा, आणि कामाची गोष्ट त्या दुसऱ्यात असायची. भाषा शिकायला बसलेला मी नकळत हे थांबणं पाहत होतो.

1968 च्या वसंतात मालिकेचं तिसरं पर्व संपलं आणि मार्कर तुरुंगात गेला. चोरीचे दागिने परत मिळवून देण्याच्या व्यवहारात तो मध्ये पडला आणि स्वतःच अडकला. मी बाईंना विचारलं, पुढच्या आठवड्यात सुटेल ना? त्या विणकामातून मान वर न करता म्हणाल्या, ‘‘मला नाही वाटत.’’ मी चिडलो होतो. नायकाला कुणी असं वाऱ्यावर सोडतं का? त्याच वसंतात, 20 एप्रिलला, खासदार इनॉक पॉवेलने आमच्याच शहरात परदेशातून आलेल्यांविरुद्धचं ते भाषण केलं. सोमवारी ऑफिसात माझ्याशी नजर मिळवणं बऱ्याच जणांना अवघड गेलं. मला त्या दिवसांत मार्करची आठवण आली असं म्हणणं खोटं होईल. मी माझ्याच काळजीत होतो.

1969 च्या उन्हाळ्यात तो परत आला. दरम्यान एबीसीची जागा थेम्स टेलिव्हिजनने घेतली होती. सात भाग, सातही एकट्या मार्शलने लिहिलेले. मार्कर पॅरोलवर सुटून ब्रायटनला येतो. इंग्लंडात पॅरोलची पद्धत 1967 च्या कायद्याने आली आणि 1968 पासून माणसं सुटू लागली, म्हणजे विषय अगदी ताजा होता. हल नावाचा प्रोबेशन अधिकारी त्याच्यावर नेमलेला. मिसेस मॉर्टिमर या बाईंच्या गेस्ट हाउसमध्ये त्याला खोली मिळते. बांधकामाच्या सामानाच्या यार्डात हमालीचं काम मिळतं. गुप्तहेराची मालिका आणि गुप्तहेरगिरी जवळपास नाहीच. कुठे काही बिनसलं तर पहिली नजर आपल्याकडे वळणार, हे धरूनच तो वावरतो.

एका भागात तो परक्या दारात उभा होता आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काय ठरतंय ते वाचत होता, तेव्हा माझ्या पोटात कालवाकालव झाली. ते वाचणं मी केलं होतं. गुन्हा न करता केलं होतं, हा फरक खरा, पण दारात उभं असताना तो फरक समोरच्याला दिसत नाही आणि आपल्यालाही फारसा आधार देत नाही. निराळी जमात वगैरे जे मी बोटीवर चढवून आणलं होतं, ते तिथे उतरलं.

सत्तरच्या दशकात मी प्रोबेशन सेवेकडे स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. सुटून आलेल्या माणसाबरोबर संध्याकाळचा तास-दोन तास घालवायचा, फॉर्म भरायला मदत करायची, खोली शोधायला बरोबर जायचं, असं ते साधं काम. दिवसा ड्रॉइंग बोर्ड होताच. सुरुवातीला मी ते फार वाईट केलं. मला वाटे, या लोकांना कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. मी समजावू लागलो.

विन्सन ग्रीन तुरुंगातून सुटलेला एक तरुण मला आठवतो. आम्ही बसथांब्याजवळच्या चहाच्या दुकानात बसलो होतो. तो कपात चमचा फिरवत होता. साखर विरघळून गेली तरी फिरवत होता. मी कष्ट, आईचा शब्द, नवी सुरुवात असं बरंच काही बोललो. मी थांबल्यावर त्याने चमचा बशीत ठेवला आणि अगदी अदबीने विचारलं, ‘‘झालं?’’

घरी येताना मला हल आठवला. तो मार्करला उपदेश करत बसत नाही. खोलीचं काय, कामाचं काय, पुन्हा कधी भेटायचं, असं विचारतो आणि उत्तर ऐकून घेतो. पुढच्या भेटीला पाऊस होता आणि त्या मुलाचे बूट भिजून चिप्प झाले होते. मी एवढंच विचारलं की दुसरे आहेत का, आणि मग गप्प बसलो. गप्प बसणं मला फार जड गेलं. बऱ्याच वेळाने त्याने सांगितलं की दुसरे बूट बहिणीच्या घरी आहेत आणि तिचा नवरा दार उघडत नाही. त्याची खरी अडचण तिथे होती. त्याचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. त्या कामात बहुतेक वेळा कळत नाही. पण पुढे जे थोडंफार नीट जमलं ते त्या गप्प बसण्यामुळे, आणि ती शिकवण माझी नव्हती.

मग बरीच वर्षं मालिका माझ्या आयुष्यातून गेली. मध्ये एकदा नातीबरोबर हॅरी पॉटरचा दुसरा चित्रपट पाहत होतो. त्यातल्या जुन्या मुख्याध्यापकांचा, प्रोफेसर डिपेट यांचा, आवाज ऐकला आणि मी उठून बसलो. अल्फ्रेड बर्क! नातीला सांगितलं, याने मला इंग्रजी शिकवलं. तिला वाटलं, हे खरोखरच माझे शिक्षक असावेत. मी ते दुरुस्त केलं नाही.

निवृत्तीनंतर मुलाने डीव्हीडी आणून दिल्या आणि मी सगळं नव्याने पाहायला बसलो. तेव्हा कळलं की एबीसीच्या काळातल्या 41 भागांपैकी फक्त पाच उरलेत. चित्रण दोन इंची टेपवर व्हायचं, टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायची रीत होती. हे कुणी पुन्हा पाहील असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं. बर्मिंगहॅमच्या भागांतला ‘द ब्रॉम्सग्रोव्ह व्हीनस’ शिल्लक आहे. मार्कर तुरुंगात जातो तो भाग गेला. बाईंच्या बैठकीत मी जे पाहिलं त्यातलं बहुतेक आता माझ्यासारख्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहे, आणि ती आठवण तपासून पाहायला दुसरा साक्षीदार नाही. मराठी मित्रमंडळीत मी काही प्रसंग रंगवून सांगत आलोय. त्यातले मार्करचे किती आणि माझ्या मनाचे किती, हे मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही.

ब्रायटनचे सातही भाग मात्र शाबूत आहेत. ते पाहताना एक गोष्ट झाली. तरुणपणी माझी नजर मार्करवरून हलली नव्हती. आता ती पॉलिन डिलेनीने उभ्या केलेल्या मिसेस मॉर्टिमरवर जाऊ लागली. ही बाई नवऱ्यापासून वेगळी राहते, पोट भाडेकरूंवर. समोरचा माणूस तुरुंगातून आलाय हे तिला माहीत आहे. ती भाबडी नाही. ती त्याला निरखते, अंतर राखते आणि तरीही खोली देते. मार्कर उभा राहतो त्यात त्याच्या चिवटपणाचा वाटा आहे, तसा या बाईने पत्करलेल्या जोखमीचाही आहे. मार्शलने हे कुठेही ओरडून सांगितलेलं नाही, म्हणूनच माझ्याकडून निसटलं असावं.

मग मला बालसल हीथच्या माझ्या घरमालकीण बाई आठवल्या. मी राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू खोली सोडून गेला होता. ती खोली पुढे कितीतरी महिने रिकामी होती. त्याचं जाणं आणि माझं येणं यांचा काही संबंध असेल हे मला कधी सुचलंच नव्हतं. बाईंनी ते माझ्या कानावर येऊ दिलं नाही. माझं भाडंही त्यांनी वाढवलं नाही. तो भाडेकरू दुसऱ्याच कारणाने गेला असेलही. पण शेजारच्या बायका त्यांना काय म्हणत होत्या, पॉवेलच्या भाषणानंतर त्यांना काय ऐकावं लागलं, हे विचारायला त्या आज नाहीत, आणि होत्या तेव्हा मी भाडं चुकतं करून मोकळा होत होतो.

अल्फ्रेड बर्क 2011 साली, 92 व्या वर्षी गेला. त्याला एक पत्र लिहावं असं मनात होतं, राहून गेलं. लिहिलं असतं तर त्यात बाईंचाही उल्लेख आला असता, कारण त्यांचं देणं मला त्याच्याच मालिकेने दाखवून दिलं.

आता माझ्याने प्रोबेशनचं ते स्वयंसेवकाचं काम होत नाही. नव्याने येणारे स्वयंसेवक कधीमधी भेटायला येतात आणि सुरुवात कशी करावी म्हणून विचारतात. मी त्यांना 1969 चे सात भाग पाहायला सांगतो. पाहून आलेले सगळे मार्करबद्दल बोलतात आणि ते योग्यच आहे. मग मी त्यांना म्हणतो की पुन्हा पाहा, या खेपेला मिसेस मॉर्टिमरकडे लक्ष ठेवा, आणि ज्या घरात तुमचा माणूस राहायला जाईल त्या घराच्या मालकिणीलाही तुम्ही कसं काय चाललंय म्हणून विचारत जा.