राखुंडी

आमच्या मावळात भात पिकते आणि मागे तुसांचे ढीग उरतात. आई ती तुसे जाळून राखुंडी करी. दात घासताना मी रोज कुरकुरत असे. १०० किलो तुसांची सुमारे २० किलो राख होते आणि तीत बहुतेक सिलिका, म्हणजे वाळूचेच द्रव्य, हे फार उशिरा कळले.

गेल्या पावसाळ्यात लोणावळ्याच्या घाटात मुलाची मोटारसायकल घसरली. खरचटण्यावर निभावले. टायर पार झिजलेला! मी रागावले; त्याने अबोला धरला. नवा टायर देताना दुकानदार म्हणाला, "बाई, ह्यात सिलिका आहे. ओला रस्ता सोडत नाही."

मग वाचत बसले. नुसते रबर मऊ. काजळी घालून ते चिवट करण्याची रीत जुनी. सिलिकेने ओल्या रस्त्यावरची पकडही सुधारते. पण सिलिका रबरात मिसळत नाही, आपल्यातच गोळा होऊन बसते. मग सिलेन नावाचा मध्यस्थ लागतो. तो एका हाताने सिलिका धरतो, दुसऱ्याने रबर. २०१४ साली गुडइयरने तुसांच्या राखेतली सिलिका टायरांत वापरण्याचे जाहीर केले.

आईला हे सांगितले. तिने नातवाला हाक मारली, "अरे, टायरात आता माझी राखुंडी घालतात म्हणे!"

तो हसला. माझ्याकडे पाहूनसुद्धा.