ओठांवरचा ताप

मंगेशीच्या माघी जत्रेतले जागरण आणि दुसऱ्या दिवशीचे ऊन आम्हांस हटकून बाधे. घरी परतावे तो खालच्या ओठाची कड चुरचुरू लागे आणि पहाटेपर्यंत तेथे पाणीदार फोडांचा झुबका उठे. ‘ताप ओठांवर फुटला,’ एवढे म्हणून आजी भिरंडेलाचा गोळा काढी व किंचित वितळवून कापसाच्या बोळ्याने लावी. मिरची, लोणचे, सोलांची कढी बंद. तूप घातलेली मऊ पेज सुरू. एकाच फळाची साल वर्ज्य आणि बियांचे तेल औषध, याची आम्हांस मौज वाटे.

एके वर्षी जत्रेमागोमाग भाच्याचे बारसे आले. आम्ही मुका घेण्यास पाळण्याकडे वळलो, तोच आजीने सर्वांदेखत वाट अडविली. आमचा पेलाही तिने निराळा ठेवला होता. ‘हे कसले सोवळे!’ असे तोडून बोलून आम्ही न जेवताच उठलो.

पुढे एका डॉक्टर स्नेह्यांनी उलगडा केला. हा हर्पीस सिम्प्लेक्स नामक विषाणू. एकदा शिरला की मज्जातंतूंच्या गाठीत दडून बसतो आणि ऊन, ताप, शीण यांनी पुन्हा उठतो. फोड बहुधा ७ ते १० दिवसांत आपोआप सुकतात. भिरंडेलाने खपली मऊ राहते, विषाणू मरत नाही. परंतु अशा ओठांचा एक मुका नवजात अर्भकाच्या जिवावर बेतू शकतो.

हे ऐकले तेव्हा आजीला जाऊन चार वर्षे झाली होती. तिच्या करवंटीत आम्ही अजून दरसाल नवे भिरंडेल भरून ठेवतो.