खारं पाणी

आमच्या फुलंब्रीकडं पाण्याला फार मान. दारी माणूस आला की आधी तांब्याभर पाणी, मग बाकीचं बोलणं. टँकरमागं हंडे घेऊन पळणारं गावही पाहुण्याला पाणी नाही म्हणत नाही. आणि मला नेमकं साधं पाणीच बेतानं प्यावं लागतं.

पाच वर्षांपूर्वी आतड्याला रक्त नेणाऱ्या धमनीत गुठळी अडकली. काळं पडलेलं आतडं काढावं लागलं. माणसाचं लहान आतडं सहा मीटरच्या आसपास असतं. माझं दीड मीटर उरलं. त्याचं तोंड पोटावर काढून त्याला पिशवी लावली. डॉक्टर त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. आमची ही त्याला ‘बाळ’ म्हणते. दर दोन-तीन तासाला बघावं लागतं ना!

पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची, नाहीतर वजनानं सुटते. बदलायची ती पहाटे, पोट रिकामं असताना. थंडीत चकती चार दिवस टिकते, मे महिन्यात घामानं दोन दिवसांत सुटते. खालचं पाणी कातडीला लागलं की चटका बसल्यागत आग होते. टँकर आला की एक बादली ‘बाळा’ची म्हणून वेगळी.

घरी सोडताना सिस्टरनं बजावलं होतं, “काका, तहान लागली म्हणून नुसतं पाणी ढोसायचं नाही.” आखूड आतड्यात साधं पाणी गेलं की अंगातलंच मीठ आतड्यात उतरतं आणि पाण्याबरोबर पिशवीत जातं. मीठ आणि ग्लुकोज जोडीनं गेले, तर ते पाण्याला आत ओढतात. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याचे रोगी वाचवले, ते याच जोडीवर. मला ठरवून दिलेलं माप असं : लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे ग्लुकोज, एक चमचा मीठ, अर्धा चमचा खायचा सोडा. दिवसभर घोटघोट. जेवणाआधी अर्धा तास आतडं मंद करणारी गोळी.

हे सगळं अंगवळणी पडलं. अवघड गेलं ते चारचौघांत.

पोरीचं जमवायला वैजापूरकडं गेलो. बैठकीत तांब्या आला. मी हात जोडले. सगळे गप. बोलणी व्हायच्या आधीच पाणी नाकारलं म्हणजे सोयरीक नाकारली, असाच अर्थ निघणार. पोर खाली मान घालून बसलेली. तिच्याकडं बघितलं आणि पिशवीसकट सगळं सांगून टाकलं. झोळीतली बाटलीही काढून दाखवली.

मुलाची आजी कोपऱ्यातून म्हणाली, “खारं पाणी चालतं म्हनता ना? मग आमच्या घरचं मीठ घ्या की!” बाटली संपतच आली होती. ग्लुकोज आणि सोड्याची पुडी माझ्याजवळ होती. म्हातारीनं मिठाचा डबा पुढं सरकवला, मी चमचा मोजून घेतला.

लग्न झालं. आता पोरीकडं गेलो की बैठकीत सगळ्यांना तांब्या येतो आणि माझ्यापुढं बाटली. कुणी विचारत नाही. नवा पाहुणा असला तर पोरच सांगते, “आमच्या आबांचं पाणी मोजून असतंय.”