पंपाला हात लावू नकोस

सातपूर,
रविवार

चि. बाळू,


तू फोनवर पाठवलेला इंजिनाचा आवाज परत परत ऐकला. तुझी मामी म्हणाली, नातवाच्या बोबड्या बोलांनाही तुम्ही एवढा कान दिला नव्हता. आणि त्याखाली तुझं वाक्य : ‘उद्या पंप काढायला देतोय.’ अरे, बिघाड पंपाचा, हे कोणी सांगितलं? सांगणाऱ्याने बॉनेट तरी उघडलं का? फोन करणार होतो. पण फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतोस आणि मनातलंच करतोस. म्हणून कागद.

आवाजात मिसिंग आहे, हे खरं. पण चारातला कुठला सिलिंडर मिस मारतोय? ते कळेपर्यंत पान्याला हात लावायचा तो फक्त शोधण्यासाठी. इंजिन आयडलवर ठेव. १७ च्या पान्याने एकेका नोझलवरच्या पाईपची नट अर्धा फेरा ढिली कर आणि लगेच परत आवळ. ढिली केल्यावर इंजिनाचा वेग पडला, तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही, तो चोर. मग त्याचं नोझल शेजारच्याशी अदलाबदल करून बघ, खाली तांब्याचे वॉशर नवे टाकून. मिसिंग नोझलबरोबर सरकलं तर नोझल खराब. जागेवरच राहिलं तर टॅपेट, कॉम्प्रेशन, आणि पंपाची पाळी सगळ्यात शेवटी. फवाऱ्यापुढे बोट धरायचं नाही. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. चष्मा लाव, विडीवाल्यांना लांब ठेव. आणि हे फक्त तुझ्या जुन्या डीआय इंजिनाला. धाकट्याच्या नव्या कॉमन रेलच्या गाडीवर हा प्रयोग केलास तर माझ्याशी गाठ आहे.

एक मात्र तू कळवलंच नाहीस. सकाळी पहिल्या स्टार्टला धडधडते, की गरम झाल्यावर? रात्रभर उभी राहिल्यावरच त्रास देत असेल आणि हँड प्रायमर मारला की सुधारत असेल, तर कुठेतरी एअर घेतेय. पन्नास रुपयांच्या पाईपचं काम. धूर पांढरा की काळा? फिल्टरखालचा स्क्रू सोडून पाणी काढलंस का? तू बॅरलमधलं डिझेल भरतोस, ते मला आवडत नाही, हे मागेही सांगितलंय. मायको कंपनीत नोझलच्या खात्यात माझी उमर गेली. कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, चौकाचं मात्र अजून मायको सर्कलच. नोझलची सुई आणि तिची बॉडी यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड. ती जोडी एकमेकींशीच घासून जुळवलेली. एकीची सुई दुसरीत चालत नाही. इतक्या नाजूक वस्तूला तू पावसाचं पाणी पाजतोस!

हल्ली शोधायचे कष्ट कोणालाच नकोत, बदलायची मात्र घाई. बागेत द्राक्षाचं पान पिवळं पडलं की दुकानदार देईल ती बाटली मारायची. पोराचे मार्क घसरले की क्लास बदलायचा. तुझ्या मेकॅनिकनेही आयडल वाढवून मिसिंग झाकलंय, रेकॉर्डिंगमध्ये ते स्वच्छ ऐकू येतं. आमच्या वेळी आयटीआयचं पोरगंसुद्धा इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून मूठ कानाशी धरायचं, मग तोंड उघडायचं. असो. रिटायर्ड माणसाला बोलायला कोणी लागतं.

खरं म्हणजे मला पंपाची एवढी फिकीर नाही. आक्का सांगत होती, तू याच गाडीत टोमॅटो भरून रात्री वाशीला गेलास. कसारा घाट उतरताना इंजिन बंद पडलं तर काय होतं, ठाऊक आहे ना? ब्रेकचा व्हॅक्युम इंजिनावर चालणाऱ्या पंपातून येतो. इंजिन थांबलं की ब्रेक दोन-तीन वेळा दाबेपर्यंत हलका, मग पेडल दगडासारखं. मागे माल, पुढे वळण, बाजूला कंटेनर. आणि बरोबर तो सतरा-अठरा वर्षांचा क्लीनर पोरगा. त्याच्या घरी कोण सांगणार होतं?

या आठवड्याची खेप दुसऱ्याच्या गाडीतून पाठव, भाडं जाईल तर जाऊ दे. बुधवारी गाडी रिकामी घेऊन इकडे ये. पपया नर्सरीपाशी आलास की फोन कर, मी वॉशर आणून ठेवतो. आक्काने विचारलं तर सर्व्हिसिंग आहे एवढंच सांग.

तुझा,
मामा